पितांबर कासाराचं गुलुगुलू

शहाद्याच्या बाजारगल्लीत ‘गुलुगुलू’ हा शब्द कुणी मोठ्यानं म्हणत नसे. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे बघायचं, ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्या दिशेनं हनुवटी जराशी उचलायची आणि ओठ फारसे न हलवता शब्द सोडायचा, अशी त्याची रीत होती. आणि तो नेहमी दुसऱ्याबद्दलच म्हणायचा. ‘आमचं गुलुगुलू चाललंय’ असं सांगणारा माणूस त्या गल्लीत जन्मला नव्हता. जन्मला असता तर त्याला तिथं नांदू दिलं नसतं.

आता गुलुगुलू कशाला म्हणायचं तेही ऐकून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. नवरा-बायको बैलगाडीत शेजारी शेजारी बसली, गुलुगुलू. नवऱ्यानं चार माणसांत बायकोला ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं, गुलुगुलू. बायको तापानं पडली आणि त्यानं वैद्य आणला तर तो संसार; पण वैद्य गेल्यावरही तो तिच्या उशाशी बसून राहिला की झालं गुलुगुलू. नव्या जोडप्याला पहिल्या अखाजीच्या सणापर्यंत माफी असे. त्यानंतर नवऱ्यानं दहा पावलं पुढं चालायचं, बायकोनं दहा पावलं मागं, आणि अगदी बोलायचंच झालं तर मधल्या म्हशीला उद्देशून बोलायचं. बायकोला चौकात बडवणाऱ्यासाठी मात्र गल्लीकडे असा काही खास शब्द नव्हता. त्याला लोक नुसतं ‘तापट’ म्हणत.

ह्या शब्दाची किल्ली नोजीबाईच्या कमरेला होती. नोजीबाई म्हणजे कापडवाल्या जेठमलशेटची बायको. बाराव्या वर्षी मारवाडातून उंटावर आणि मग बैलगाडीत बसून आली ती साठी उलटेपर्यंत इथंच. कोपरापर्यंत हस्तिदंती चुडा, नाकात मोठी नथणी, आणि नजर अशी की गल्लीच्या ह्या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला कुणाचं नाक पुसलं गेलं ते तिला कळे. शेट आत गादीवर बसत आणि ती बाहेर ओट्यावर. मधे एक भिंत. त्या भिंतीच्या ह्या बाजूचं बोलणं त्या बाजूला गेलेलं पन्नास वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. गुलुगुलू कोणतं आणि कोणतं नाही, ह्याचा निवाडा ती ओट्यावरून देई आणि त्याविरुद्ध वर कुठं दाद मागता येत नसे.

ह्या ओट्याच्या बरोबर समोर पितांबर कासाराचं दुकान होतं.

पितांबर पंचेचाळिशीचा, अंगानं किडकिडीत, छातीवर बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पण त्याचे हात बघावेत. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो हातांना खोबरेल लावी, नखं दगडावर घासून गुळगुळीत करी. बांगड्यांच्या पेट्या फिरोजाबादहून आगगाडीनं दोंडाईच्यापर्यंत यायच्या आणि तिथून गवतात गुंडाळून बैलगाडीनं शहाद्याला. पण बांगड्या कुणीही विकेल हो. चढवणं ही विद्या. बाईचा हात मोठा असतो आणि तिला बांगडी हवी असते लहान, कारण सैल बांगडी म्हणजे गबाळेपण. मग अंगठ्याच्या हाडापाशी सगळा खेळ अडतो. बाई श्वास धरते, हात ताठ करते, आणि ताठ हातावर काच चढत नाही, तडकते.

पितांबरची युक्ती अशी की तो गोष्ट सांगे. बांगडी बोटांवर ठेवली की गोष्ट सुरू. धडगावच्या घाटात अस्वलाला भेटलेल्या तलाठ्याची, काठी गावच्या होळीत ढोल समजून आपल्याच सासऱ्याच्या पाठीवर थाप मारणाऱ्या जावयाची, अशा त्याच्याकडे शेदीडशे होत्या आणि एकही खरी नव्हती. गोष्टीचा हसायचा नेमका क्षण आणि बांगडी हाडापाशी पोचायचा क्षण तो एक करी. बाई हसली की हात सैल पडे, आणि हसू ओसरायच्या आत बांगडी मनगटात. तिला कळायचंही नाही. पार कळसाडीच्या पाटलिणीसुद्धा बाजाराला येत त्या आधी पितांबरकडे बसत, मग मिरच्या-मसाला घेत.

दिवसभर शंभर बायकांचे हात हातात घेणाऱ्या ह्या माणसाला उभ्या गल्लीत कुणी कधी वावगा शब्द बोललं नाही. त्याचं कारण होतं. गल्लीतला जुना नेम असा, की ज्याच्या हातानं बांगडी चढते तो त्या बाईचा भाऊ. थोरल्या बायका त्याला भाऊ म्हणत, पोरी मामा म्हणत. भावाच्या हातात हात द्यायला लाज कसली? पण ह्याच नेमाचं दुसरं टोक कासाराच्या स्वतःच्या घरात टोचे. कासारानं आपल्या बायकोच्या हातात बांगडी भरायची नाही. भरली तर तिचा कोण होशील, सांग बरं?

म्हणून पितांबरच्या बायकोला, रेवाबाईला, तिचा भाऊ बांगड्या भरी. भाऊही कासारच, तापीकाठच्या प्रकाशा गावचा. दर अखाजीला तो खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून येई आणि बहिणीचे हात कोपरापर्यंत हिरवे करून जाई. त्या वर्षी थंडीत तो तापानं गेला. अखाजी जवळ आली तशी रेवाच्या हातातली एकेक बांगडी झिजत-तडकत कमी होत गेली. मणियार गल्लीतला निजाम मणियार पितांबरचा दोस्त, तोही बांगड्याच भरणारा. त्यानं निरोप पाठवला, वहिनी, मी भरून देतो, मीही भाऊच. रेवा म्हणाली, एवढ्यात नको. तिला भावाच्या हाताची आठवण होत होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

अखाजीला आठ दिवस राहिले होते. अखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. दिवाळी तिच्यापुढं धाकटी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस खातात, आणि त्याआधी प्रत्येकीला हातभर नव्या बांगड्या लागतात. कासाराचं वर्ष त्या आठ दिवसांवर चालतं. पितांबरनं तीन पेट्या मागवून ठेवल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या दोन मुलीही माहेरपणाला यायच्या होत्या.

त्या दुपारी रेवा त्याचं जेवण घेऊन दुकानात आली. दुकानापुढं सातआठ बायका बसलेल्या. तिनं पितळी डबा खाली ठेवायला हात वाकवला, डबा उंबऱ्याला लागला आणि उजव्या हातातली शेवटची बांगडी वाढली. फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण काच काही म्हणण्यावर जात नाही. मनगटाला बारीकशी चीर पडली आणि रक्ताचा थेंब आला. सवाष्ण बाई, अखाजीच्या तोंडावर, भर बाजारात, उजवा हात मोकळा. बसलेल्या बायकांनी डोळे वळवले. रेवा पदरात हात लपवून उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

पितांबरनं पाहिलं आणि विचार केला नाही. खरं सांगायचं तर त्यानं आयुष्यात विचार न करता केलेली ही एवढी एकच गोष्ट असेल.

“हात दे,” तो म्हणाला.

“लोके देखी ऱ्हायनात,” रेवा पुटपुटली.

“देखू दे.”

त्यानं तिला समोर बसवलं, हिरव्या बांगड्यांची माळ सोडली, आणि पहिली बांगडी बोटांवर ठेवताच सवयीनं गोष्ट सुरू केली. पण ही गोष्ट त्यानं हळू आवाजात सांगितली. शेजारी बसलेल्या बाईनं कान इतका लांब केला की ती पाटावरून कलंडायची राहिली; तिलाही एक अक्षर ऐकू आलं नाही. रेवा आधी खाली बघत होती. मग तिचे ओठ हलले. मग ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग पदरही पुरेना. बाजारगल्लीत एखादी बायको नवऱ्यापुढं इतकी मोकळी हसलेली कुणी पाहिली नव्हती. सहा बांगड्या भराभर चढल्या. आणि शेवटची चढल्यावर पितांबरनं तिचं मनगट तोंडाशी नेलं आणि चिरलेल्या जागेवर फुंकर घातली.

एक नाही, दोन फुंकरा. नोजीबाईनं मोजल्या.

“गुलुगुलू,” ती ओट्यावरून म्हणाली. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. “भर बाजारमा.”

दुसऱ्या दिवशी पितांबर हातांना तेल लावून बसला तो तेल सुकेपर्यंत बसला. एक बाई आली नाही. बायका गल्लीतून जात, पण रस्त्याच्या त्या कडेनं जात. पुरुष मात्र आवर्जून ह्या कडेनं येत. चुनीलाल हलवाई तर जिलबीचा घाणा सोडून आला.

“काय पितांबरभाऊ, बांगडी भरी दिन्ही म्हंजे आते तू तिना भाऊ व्हयना. मंग भाऊबीजले ओवायनी काय टाकशी?”

पितांबर हसला. त्याला वाटलं, दोन दिवस चेष्टा होईल आणि विरेल. गावाचं तोंड कोण धरणार? पण दोन दिवसांनी त्याला समजलं ते निराळंच होतं. बायका चेष्टा करतच नव्हत्या. त्या रागावल्याही नव्हत्या. त्यांचा हिशेब साधा होता. आजवर पितांबरचा हात म्हणजे त्यांच्या लेखी पुरुषाचा हात नव्हताच; चिमटा असतो, पळी असते, तसा तो कासाराचा हात. त्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की ह्या हाताला माया करता येते. हातच्या काकणाला आरसा कशाला! आता त्याच हातात आपला हात कसा ठेवायचा? ठेवला तर घरी सासू काय म्हणेल? आणि सासू जाऊ दे, आपल्यालाच काय वाटेल?

बायकांनी हात दिलाच नाही तर कासार कसला? पेट्या परत जात नाहीत आणि हातातली विद्या दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही. बायका खरंच कायमच्या गेल्या तर काय, ह्या विचारानं त्याला भाकर गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी निजाम मणियार आला. येताना त्याचा चेहरा चोरासारखा झाला होता.

“तुन्हं बठ्ठं गिऱ्हाईक मन्हा दुकानवर उनं, पितांबरभाऊ,” तो म्हणाला. “माले गोड नही वाटत. आनि माले गोष्टी बी येत नहीत. चार जनीस्ना हात सोली टाकात मी. एक त रडनी.”

मग निजामला सुचलं. हा माणूस भला, पण त्याच्या सुचण्यानं आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

“भांड,” निजाम म्हणाला. “वहिनीसंगे भांड. बजारमा, बठ्ठास्ना मोरे. दोन वाकडा शब्द बोल, ताट फेक. लोके म्हनतीन, चला, ह्यास्ना संसार ठीक शे.”

झालं. घरी त्या संध्याकाळी भांडणाची तालीम सुरू झाली. अडचण अशी निघाली की पितांबरला रेवाची एकही चूक आठवेना. तेवीस वर्षांच्या संसारात काहीतरी राग आला असेलच की, म्हणून दोघं चुलीपुढं बसून आठवू लागली. शेवटी रेवानंच सुचवलं, भाजीत मीठ जास्त म्हणा, ते कुणालाही म्हणता येतं. मग आवाज कसा चढवायचा, मान कशी झटकायची, ताट कुठं फेकायचं म्हणजे पोचा येणार नाही, हेही तिनंच शिकवलं. पितांबर मन लावून शिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा डबा घेऊन आली. गल्ली भरलेली होती. पितांबरनं एक घास खाल्ला, ताटली हातात घेऊन उभा राहिला आणि ओरडला, “हाई काय भाजी शे?”

गल्ली थांबली. चुनीलालचा झारा हवेत राहिला. नोजीबाई ओट्यावर पुढं सरकून बसली.

“काय व्हयनं?” रेवानं ठरल्याप्रमाणं मान खाली घालून विचारलं.

“मीठ,” पितांबर गरजला. मग त्याची नजर तिच्या तोंडाकडे गेली आणि तिथंच सगळं गाडं घसरलं. “मीठ जरा... म्हंजे तसं बरं शे. पन मीठ...”

रेवानं ओठ दाबले. खांदे हलू लागले.

“तू हासू नको ना,” पितांबर काकुळतीला येऊन म्हणाला. “मी भांडी ऱ्हायनू ना.”

मग काय विचारता. रेवा उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, चुनीलालची जिलबी करपली, आणि ताटली फेकायची राहिली ती राहिलीच. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. समोरून नोजीबाईनं निवाडा दिला, “भांडतांनाबी गुलुगुलू.” हा प्रकार गल्लीच्या इतिहासात नवा होता.

आता अखाजीला तीनच दिवस उरले. रेवा म्हणाली, मी बसते दुकानात. बाईच्या हातात हात द्यायला बाईला काय हरकत? हरकत कुणाचीच नव्हती, पण रेवाला माळा ओवता येत, भरता येत नव्हत्या. कळसाडीची एक पाटलीण भीतभीत बसली. रेवानं पहिली बांगडी लावली, ती वाढली. दुसरी वाढली. तिसरी वाढली तशी पाटलीण उठली, मनातल्या मनात देवाचं नाव घेत निघून गेली, आणि सणाच्या तोंडावर रेवाच्या हातानं तीन बांगड्या वाढल्या ही बातमी तिच्या आधी कळसाडीला पोचली. पितांबर मागं बसून बघत होता. हात मांडीवर उपडे ठेवलेले. रेवानं वळून त्या हातांकडे पाहिलं आणि मात्र तिचं डोकं फिरलं.

ती उठली, पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि थेट नोजीबाईच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. गल्ली अरुंद. पितांबरला दुकानात बसल्या जागी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता, आणि त्याला वाटत होतं की ऐकू आला नसता तर बरं.

“माय, तुम्हीन आमले एक शब्द दिन्हा,” रेवा म्हणाली. “त्या शब्दघाई आमनी चूल बंद व्हयनी. तो परत ल्या.”

“शब्द काय साखरनी वाटी शे? परत कसा लेसू?” नोजीबाई म्हणाली.

“बरं, नका लेवू. मंग त्याना अर्थ त सांगा. आमना गयामा बांधेल शे, आमले म्हाईत पाह्यजे.”

नोजीबाईला असा सवाल कुणी कधी केला नव्हता. तिनं नथणी सावरली. “चार लोकस्मा जे करू नही, ते.”

“म्हंजे घरमा करेल चालस?”

नोजीबाई हातातला चुडा चाचपू लागली.

“माय, मी भांडाले नही उनू. तुमले खरंच इचारस. हाई गुलुगुलू बुरं शे, हाई तुमले कसं म्हाईत?”

“देखीसन,” नोजीबाई म्हणाली.

“नुसतं देखीसन?”

रेवानं हे टोचून विचारलं नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते वर्मी लागलं. आत गादीवर जेठमलशेट खाकरले. रेवानं थोडा वेळ वाट पाहिली, मग वाकून तिच्या पायांना हात लावला आणि परत आली. पितांबरला म्हणाली, “चूक व्हयनी का मन्ही?” पितांबर म्हणाला, “माले नही म्हाईत.” त्याला एवढंच दिसत होतं की उरलेल्या दिवसात नोजीबाईनं एकदाही कुणाकडे पाहून हनुवटी उचलली नाही. शेजारच्या लोहाराची सून नवऱ्याच्या मागं दहाऐवजी फक्त चार पावलांवर चालत गेली, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका बाजाराला निघाल्या होत्या. निजामकडे रांग लागलेली, आणि तिथून मधूनमधून ‘अगं माय’ ऐकू येई. पितांबर दुकान झाडत होता. त्यानं वर बघितलं तर नोजीबाई ओट्याच्या पायऱ्या उतरत होती. एकेक पायरी, भिंतीला धरून. ती ओट्यावरून उतरून रस्ता ओलांडते हे दृश्यच असं की बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. पितांबरला वाटलं, आता उरलंसुरलं ऐकायचं. त्यानं झाडू खाली ठेवला.

नोजीबाई पाटावर बसली. उजव्या हातातला हस्तिदंती चुडा तिनं कोपराकडे सारला, आणि सारलेल्या जागी पन्नास वर्षं ऊन न लागलेली पांढरी कातडी दिसली. काचेची बांगडी तिनं जन्मात घातली नव्हती. काच म्हणजे पोरखेळ, असं ती म्हणत आलेली.

“कांई देखस?” तिनं हात पुढं केला. “भर. हिरवी.”

पितांबरनं तिचा हात घेतला. हात लाकडासारखा ताठ. सांधे सुजलेले, अंगठ्याचं हाड वर आलेलं. त्यानं माळेतली त्यातल्या त्यात मोठी बांगडी काढली आणि अस्वलाची गोष्ट सुरू केली. नोजीबाई हसली नाही. त्यानं जावयाची सांगितली. हसली नाही. तिसरी सांगताना त्याच्या स्वतःच्याच कपाळाला घाम आला. बांगडी हाडापाशी अडलेली, जरा दाबली की वाढणार, आणि हिच्या हातावर वाढली म्हणजे आपलं दुकान कायमचं वाढलं. रस्त्यावर पन्नास बायका श्वास धरून उभ्या. आतल्या दारात रेवा. पितांबरची गोष्ट मधेच संपली. त्याच्याकडे आणखी काही उरलं नव्हतं.

मग नोजीबाईच बोलायला लागली. त्याच्याकडे न बघता, बांगडीकडे बघत, अगदी हळू.

“लगीनमा हात हातमा देतंस ना, मेंदी लाईसन, वर कपडा बांधतंस,” ती म्हणाली. “मी बारा वरीसनी. त्यास्ना हात घामेजेल व्हता. थरथर करी ऱ्हायंता. माले हासू उनं.”

“मंग?” पितांबरनं विचारलं.

“मोठी मामी बोलनी, हासू नको. मी हासनू नही.” ती थांबली. “मंग त्यास्नी परत कव्हय हात धरा नही. चांगला मानूस शे, पितांबर. काही कमी पडू दिन्हं नही. पन हात नही धरा.”

तिचं बोलणं संपलं तेव्हा बांगडी मनगटात होती. कधी गेली ते पितांबरलाही कळलं नाही. दुसरी गेली, तिसरी गेली, सहाच्या सहा गेल्या. समोरच्या दुकानात जेठमलशेट गादीवरून उठून दारात आले होते आणि धोतराचा सोगा हातात धरून इकडे बघत होते.

सगळ्यात आधी लोहाराची सून पुढं आली आणि नोजीबाईच्या मागं बसली. तिच्या मागं कळसाडीची पाटलीण बसली, मग कोण कोण, आणि पाहता पाहता रांग चुनीलालच्या दुकानाच्या पार पुढं गेली. मणियार गल्लीकडूनही बायका येताना दिसल्या. निजामच त्यांना हात करून इकडे पिटाळत होता. पितांबरला रडू येईल असं वाटलं. त्यानं पुढच्या माळेची गाठ सोडायला डावा हात लांब केला. उजवा हात त्याला हलवता येत नव्हता.

मागून कुणीतरी म्हणालं, “माय, आते आमले बसू द्या ना.”

नोजीबाई उठली नाही.

“माय,” पितांबर तिलाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “मी त हात कव्हयच सोडी दिना. तुम्हीनच धरेल शे.”

“म्हाईत शे माले,” नोजीबाई म्हणाली. “तू गोष्ट सांग.”